नागपूरच्या बसनं न जाणारी तपासणी

मंडळी, आपल्याकडं गोटमारीवर लिहिणारे पुष्कळ आहेत. संत्र्यांच्या बागांवर आहेत, जामसावळीच्या मारुतीवर आहेत, आणि छोट्या लाईनच्या गाडीची तर घरटी एक आठवण आहे. मी जन्मभर रक्त तपासलं, तेव्हा मी रक्तावरच लिहिणार. गाव सौंसरजवळचं, नोकरी नागपुरात, काम लॅब टेक्निशियनचं. एवढी ओळख पुरे.

आपल्या भागातलं रक्त फार वर्षांपासून नागपूरला जातंय. सकाळी उपाशीपोटी घेतलेलं रक्त, नळीवर चिकटवलेलं नाव, थर्मासमध्ये बर्फ, आणि तो थर्मास बसच्या ड्रायव्हरमागं ठेवलेला. पांढुर्ण्याला मोठी लाईन असल्यामुळं तिथलं रक्त रेल्वेनंही जायचं. संध्याकाळी फोनवर आकडे यायचे. दुसऱ्या दिवशी त्याच बसनं कागद. साखर, किडनी, लिव्हर, थायरॉइड, अगदी गाठीचा तुकडासुद्धा असाच गेला आणि अजूनही जातो. त्यात वाईट काही नाही. नमुना नीट भरला, वेळेत पोचला, तर सौंसरच्या माणसाची साखर नागपुरात तेवढीच भरते.

एकच तपासणी या बसमध्ये बसत नाही. तिला आम्ही एबीजी म्हणतो. मनगटातल्या धमनीतून रक्त घ्यायचं आणि त्यात तीन गोष्टी मोजायच्या: रक्त किती आम्ल झालंय म्हणजे पीएच, कार्बन डायऑक्साइडचा दाब आणि ऑक्सिजनचा दाब. बाकीचे आकडे मशीन यावरून काढतं. माणूस श्वास घेतोय की नुसती छाती हलतेय, किडनी साथ देतेय का, व्हेंटिलेटर वाढवायचा की कमी करायचा, हे या तीन आकड्यांवर ठरतं.

आता अडचण अशी की सिरिंजमध्ये ओढलेलं रक्त मेलेलं नसतं. पेशी आपलं काम करतच राहतात. ऑक्सिजन खातात, कार्बन डायऑक्साइड सोडतात, साखर फोडून आम्ल तयार करतात. प्लास्टिकच्या सिरिंजमधलं रक्त अर्ध्या तासाच्या आत मशीनमध्ये गेलं पाहिजे, हा जगभरचा नियम. सौंसरहून नागपूर सव्वा-दीड तास, पांढुर्ण्याहून दोन तास. म्हणजे बस पोचेपर्यंत रक्तच बदललेलं. म्हणून या तपासणीपुरतं आपल्याकडं उलटं आहे. रक्त जात नाही, अख्खा रोगी जातो. आपल्या भागात 'नागपूरले रेफर केलं' हे वाक्य ऐकलं की घरातल्या बाया रडायला लागतात, त्याच्या मागं इतर कारणांबरोबर हेही एक कारण असायचं.

आणि नागपूरच का, भोपाळ-जबलपूर का नाही, हे नव्या पोरांना सांगावं लागतं. १९५६ पर्यंत नागपूर हीच आपली राजधानी होती. मेडिकल कॉलेज तिथं १९४७ मध्ये निघालं, तेव्हा ते आपल्याच प्रांतातलं कॉलेज होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला, आणि आपला कागद भोपाळकडं व पेशंट नागपूरकडं अशी वाटणी झाली. ती आजतागायत चालू आहे. मेडिकल आणि मेयोच्या वॉर्डात 'कुठून आले?' विचारलं आणि 'एमपी, पांढुर्णा' असं उत्तर आलं की कुणाला नवल वाटत नाही.

हे सगळं सुरू कुठं झालं, ते मला नोकरीत आल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं, आणि तेव्हापासून मी ते भेटेल त्याला सांगत आलोय. डेन्मार्कमधलं कोपनहेगन. साल १९५२. उन्हाळ्यात पोलिओची साथ आली. ब्लेगडाम नावाच्या साथरोगांच्या दवाखान्यात रोज मुलं यायची, त्यातल्या अनेकांचे श्वासाचे स्नायू गेलेले. दवाखान्यात श्वास देणारं टाकीसारखं मोठं यंत्र एक, आणि छातीवर बसवायची लहान यंत्रं सहा. पहिल्या तीन आठवड्यांत श्वास गेलेले ३१ रोगी या यंत्रांवर ठेवले, त्यातले २७ गेले.

आता गंमत बघा, गंमत म्हणायला जीभ धजत नाही तरी. लॅब होती, रिपोर्टही होते. त्या काळी रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड मोजत. तो या मुलांमध्ये खूप वाढलेला यायचा. मोठमोठ्या डॉक्टरांनी अर्थ लावला की रक्तात क्षार वाढलाय, हा काहीतरी अनोळखी प्रकार आहे. आकडा बरोबर होता. मोजणाऱ्याची काही चूक नव्हती. पण तो आकडा दोन कारणांनी वाढू शकतो: एक, खरोखरच क्षार वाढला म्हणून; दोन, श्वास अपुरा पडून वायू आत साचला आणि रक्त उलट आम्ल झालं म्हणून. यातलं कोणतं, हे कळायला सोबत पीएच लागतो, आणि तो कुणी मोजत नव्हतं.

ब्यॉर्न इब्सेन नावाचा भूल देणारा डॉक्टर बैठकीला बोलावला गेला. तो म्हणाला, या मुलांना क्षारबीर काही झालेलं नाही, यांना श्वास मिळत नाहीये. २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीवर त्यानं ते करून दाखवलं. गळ्याला भोक पाडून नळी घातली, रबरी पिशवी जोडली आणि हातानं हवा भरली. हवा भरली की वायू उतरायचा, थांबलं की चढायचा. मुलगी जगली. मग दीडेक हजार मेडिकलची पोरं पाळ्या लावून महिनोन् महिने पिशव्या दाबत बसली, आणि दहापैकी नऊ रोगी मरत होते तिथं मरणारे निम्म्याहून खाली आले.

त्या दवाखान्याच्या लॅबचा प्रमुख पोल आस्ट्रुप. शेकडो मुलांचं रक्त रोज कित्येकदा तपासायचं, तर जुनी पद्धत चालणार नव्हती. त्यानं पीएचचं उपकरण लावलं आणि पुढं त्यावरूनच वायूचा दाब काढायची युक्ती बसवली: तेच रक्त दोन ठाऊक मिश्रणांच्या हवेत घोळायचं, दोन्ही वेळा पीएच घ्यायचा, कागदावर रेघ ओढायची आणि रेघेवरून रोग्याचा आकडा वाचायचा. दुसऱ्या बाजूला अमेरिकेत रिचर्ड स्टोनं १९५४ मध्ये पीएचच्या काचेच्या इलेक्ट्रोडवर पातळ रबर ताणून कार्बन डायऑक्साइड थेट मोजायची कल्पना मांडली, लीलँड क्लार्कनं १९५६ मध्ये ऑक्सिजनचा इलेक्ट्रोड जाहीर केला, आणि जॉन सेव्हरिंगहाउसनं स्टोचा इलेक्ट्रोड सुधारून तिन्ही एकत्र आणले. १९७३ मध्ये कोपनहेगनच्याच रेडिओमीटर कंपनीनं आपोआप चालणारं पहिलं मशीन काढलं. आजच्या मशीनवर रंगीत पडदा असतो, पण पोटात अजून हेच तिघे बसलेले असतात.

नागपुरात मी पहिल्यांदा पाहिलेल्या मशीनला दोन गॅस सिलिंडर लागायचे. इलेक्ट्रोडचं पातळ कातडं हातानं बदलावं लागायचं, आणि ते बसवताना खाली एक बुडबुडा राहिला की दिवसभर आकडे नाचायचे. गॅस संपला तर सिलिंडर येईपर्यंत मशीन म्हणजे नुसतं फर्निचर. मे महिन्यात नागपूरचं ऊन आणि त्यात लाईट गेली की आधी पळायचं ते मशीनकडं, कारण आतला भाग कायम ३७ अंशांवर लागतो. मशीनसाठी एसी होता. माणसांना त्याचा लाभ आनुषंगिक.

आपल्या भागाला ही तपासणी सगळ्यात जास्त कशासाठी लागली असेल तर माझ्या मते मण्यारीसाठी. पावसाळ्यात, रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते. दुखत नाही, सूज नाही, कधी खूणही सापडत नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या उचलत नाहीत, मग गिळता येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. फवारणीच्या विषबाधेतही शेवटचा मुक्काम बरेचदा हाच. रस्त्यात ऑक्सिजनचा मास्क लावलेला असतो, बोटाला चिमटा लावलेला असतो, आणि चिमट्यावर ९८.

अशा एका पेशंटचे काका माझ्याशी भांडले होते. पांढुर्ण्याकडचे. म्हणाले, "बोटाले तं अठ्ठ्याण्णव दाखवून रायलं ना साहेब, मंग नळी कायले घालता पोराले? पैशासाठीच ना?" मी सिरिंज घेऊन उभा. मी म्हटलं, "काका, त्या चिमट्याले ऑक्सिजन दिसते. आतमधी जो धूर साचला थो त्याले दिसत नाई. चूल पेटली हाये, पन धुराडं बंद हाये." त्यांना ते पटलं की नाही ठाऊक नाही, पण बाजूला झाले. रिपोर्टमध्ये कार्बन डायऑक्साइड ९० च्या वर होता. चाळीस असावा लागतो. कोपनहेगनच्या मुलांमध्ये जे दिसत नव्हतं, तेच हे. ऑक्सिजन चालू असताना चिमटा शेवटपर्यंत चांगला आकडा दाखवत राहतो. कोरोनात घरोघरी तो चिमटा आला, त्यानं जीवही वाचवले, पण त्याला काय दिसत नाही हे कुणी सांगितलं नाही.

आता मुख्य गोष्टीकडं येतो. मशीन आलं म्हणजे तपासणी आली असं आपल्याकडं समजतात. मी सांगतो, एबीजी खराब होते ती बहुतेक वेळा मशीनपर्यंत पोचायच्या आधीच.

रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन लागतं. जुनी आणि अजूनही चालू असलेली रीत अशी: साध्या सिरिंजमध्ये बाटलीतलं पातळ हेपॅरिन ओढायचं, सिरिंज आतून ओली करायची आणि सगळं बाहेर टाकायचं. टाकणारा घाईत असला की थोडं राहतं. वर रक्तही जेमतेम अर्धा मिली निघतं. अर्ध्या मिलीत दशांश मिली हेपॅरिन म्हणजे दुधात पाणीच की. पीएच फारसा हलत नाही, पण कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट दोन्ही खोटे उतरतात, आणि कागद बघणाऱ्याला वाटतं रोग्याला आम्ल वाढलंय आणि तो जोरानं श्वास घेऊन ते भरून काढतोय. यासाठी कोरड्या हेपॅरिनच्या तयार सिरिंज मिळतात. त्या साध्या सिरिंजच्या कितीतरी पट महाग, म्हणून खरेदीच्या यादीतून पहिल्यांदा कापल्या जातात.

दुसरा शत्रू बुडबुडा. आपल्याकडच्या हवेत ऑक्सिजनचा दाब दीडशेच्या आसपास, कार्बन डायऑक्साइड जवळजवळ शून्य. ५० ऑक्सिजन असलेल्या रक्ताशेजारी हा बुडबुडा पाच-दहा मिनिटं बसला, वॉर्डबॉय सिरिंज हलवत जिना उतरला, की ऑक्सिजन वर आणि कार्बन डायऑक्साइड खाली. मरणाऱ्या माणसाचा रिपोर्ट बरा दिसायला लागतो. बुडबुडा लगेच काढायचा, टोपण लावायचं, आणि सिरिंज दोन्ही तळहातांत भाकरीचा उंडा वळतो तशी वळायची. शिकवायला दोन मिनिटं लागतात. शिकवणारा मात्र लागतो, आणि दर सहा महिन्यांनी नवे सिस्टर-ब्रदर येतात तेव्हा पुन्हा लागतो.

बर्फाचं वेगळंच. आमच्या सीनियर मंडळींनी शिकवलं होतं, एबीजी म्हणजे बर्फ. ते बरोबरच होतं, कारण त्यांच्या सिरिंज काचेच्या होत्या. पुढं प्लास्टिक आलं. प्लास्टिकमधून ऑक्सिजन झिरपतो, आणि गार रक्तात तो जास्त मावतो, म्हणून बर्फात ठेवलेल्या प्लास्टिकच्या सिरिंजमध्ये आकडा उलट बिघडतो. आता सांगतात, बर्फ नको, अर्ध्या तासात आणा. पण वीस वर्षांची सवय जाता जात नाही. बर्फात बुडवलेली सिरिंज कोणी मोठ्या काळजीनं आणून द्यायचा तेव्हा त्याला रागावताही यायचं नाही.

आणि ती चिठ्ठी! रोगी किती ऑक्सिजनवर आहे ते चिठ्ठीवर लिहायचं असतं. साध्या हवेवर ७० हा आकडा आला तर काळजी करायची. साठ टक्के ऑक्सिजनवर ७० आला तर फुप्फुसं जवळपास हरलेली. आकडा तोच. चिठ्ठी कोरी असेल तर त्या ७० चं काय करायचं ते देवालाच ठाऊक.

मग मशीनची पाळी. मशीन खरं बोलतंय की नाही हे बघायला कंट्रोल नावाच्या काचेच्या छोट्या कुप्या येतात. तीन पातळ्यांच्या: आम्ल, नॉर्मल, क्षार. त्यात काय आहे ते आधीच ठाऊक असतं, मशीननं तेच सांगायचं. कुपी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, दहा-पंधरा सेकंद जोरात हलवायची, फोडायची आणि तत्काळ लावायची. फोडून चहाला गेलात की ऑक्सिजनचा आकडा वाया, कारण ते पाणी आहे, रक्तासारखा ऑक्सिजन धरून ठेवणारं त्यात काही नाही. आलेला आकडा तक्त्यावर टिंब म्हणून मांडायचा. मधली रेघ, वर दोन, खाली दोन. लेव्ही आणि जेनिंग्ज या दोघांनी १९५० मध्ये ही पद्धत दवाखान्याच्या लॅबमध्ये आणली, आणि १९८१ मध्ये वेस्टगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टिंबं कशी वाचायची त्याचे नियम बांधून दिले. एक टिंब बाहेर गेलं तर सगळ्यांना दिसतं. खरी नजर लागते ती सलग दहा टिंबं रेघेच्या एकाच बाजूला बसलेली ओळखायला. सगळी मर्यादेत, सगळी 'पास', आणि मशीन हळूहळू घसरतंय.

पीएचमध्ये तर दशांशसुद्धा मोठा. ७.४० वरून ७.१० म्हणजे दिसायला तीन दशांश, पण रक्तातलं आम्ल दुप्पट झालेलं असतं. म्हणून या तपासणीत ०.०४ पेक्षा जास्त चूक चालवून घेत नाहीत.

एक प्रसंग सांगतो. ठिकाणाचं नाव सांगणार नाही. तिथं कंट्रोलच्या कुप्यांची तारीख उलटून गेली होती, नव्या मागवलेल्या आल्या नव्हत्या, आणि 'मशीन आपलं आपण कॅलिब्रेट होतंच की' असं म्हणून काम चाललं होतं. मला तिथं दोन दिवसांसाठी मदतीला बोलावलं होतं. वॉर्डात भुलीच्या एक ज्येष्ठ डॉक्टर बाई होत्या. सकाळचे सात रिपोर्ट त्यांनी टेबलावर पत्त्यांसारखे पसरले आणि म्हणाल्या, "सातही जणांचा कार्बन डायऑक्साइड अठ्ठावीस-तीस? सगळ्यांनी मिळून एकदम धापा टाकायचं ठरवलंय का रे?" मग त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या धडधाकट रेसिडेंटला बसवलं आणि त्याच्या मनगटातून रक्त घेतलं. त्याचाही २९. पोरगं आरामात बसलेलं, थोडंसं घाबरलेलं एवढंच. संध्याकाळी दुसरीकडून कुप्या आणल्या, लावल्या, कार्बन डायऑक्साइड सपशेल बाहेर. सेन्सर बदलला. पण त्या दिवसांत त्या रिपोर्टांवरून किती जणांचा व्हेंटिलेटर कमी केला गेला, याची वही कुणी ठेवली नव्हती.

इथं एक बारीक गोष्ट आहे, ती बऱ्याच डॉक्टरांनाही माहीत नसते. रिपोर्ट खरा आहे का हे ताडायला एक सूत्र शिकवतात: कार्बन डायऑक्साइडला २४ नं गुणायचं, बायकार्बोनेटनं भागायचं, आणि आलेलं उत्तर पीएचशी जुळतं का बघायचं. जुळलं की सगळे खूश. पण मशीन बायकार्बोनेट मोजतच नाही, ते त्याच सूत्रानं पीएच आणि कार्बन डायऑक्साइडवरून काढतं. मग ते न जुळून सांगणार कुणाला? मशीन पूर्ण खोटं बोलत असलं तरी त्याचा हिशेब आपसात बसतोच. या सूत्रानं फार तर कागदावर उतरवताना झालेली चूक सापडते. मशीन पकडायचं असेल तर त्याच रोग्याचं शिरेतलं रक्त मुख्य लॅबमध्ये पाठवून तिथं एकूण कार्बन डायऑक्साइड मोजायचा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. म्हणजे १९५२ मध्ये ज्या आकड्यानं फसवलं, तोच इथं साक्षीदार म्हणून उपयोगी पडतो.

आणि आपल्या भागाची खास गोष्ट म्हणजे घाट. सौंसरहून छिंदवाड्याला जाताना सिल्लेवानीचा घाट चढतो, तेव्हा कान दडे बसल्यासारखे होतात ना, त्याचा एबीजीशी थेट संबंध आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर, छिंदवाडा पावणेसातशेच्या आसपास. वर हवेचा दाब कमी. मुंबईच्या निरोगी माणसाच्या धमनीत जेवढा ऑक्सिजन, त्यापेक्षा छिंदवाड्याच्या निरोगी माणसात दहा-बारानं कमी निघणार, आणि ते आजारपण नव्हे. पुस्तकातला नॉर्मल आकडा समुद्रकाठचा आहे.

मशीनलाही हवेचा दाब ठाऊक असावा लागतो, कारण वायूचे आकडे त्यावर बेतलेले असतात. मशीनमध्ये दाबमापक असतो, तो अधूनमधून पडताळायचा. आता कोणीतरी हुशार माणूस मोबाईलवरच्या हवामानाशी पडताळतो. मोबाईल सांगतो १०१०. तो आकडा समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो, सगळ्या गावांची तुलना करता यावी म्हणून. छिंदवाड्यात खरा दाब ९३५ च्या आसपास. मोबाईलचा आकडा मशीनमध्ये भरला की ६० चा ऑक्सिजन ६५ दिसणार आणि ४० चा कार्बन डायऑक्साइड ४३. साठ ही तर सीमारेषा. तिच्या खाली गेला की धावपळ करायची. आकडा पाचनं फुगला की धावपळ होत नाही.

पैशाचं बोलायलाच हवं. आजची छोटी मशीनं कार्ट्रिजवर चालतात. कार्ट्रिज एकदा बसवलं की ठराविक दिवसांनी बाद, आत तपासण्या शिल्लक असोत की नसोत. नागपूरच्या मोठ्या आयसीयूत दिवसाला साठ नमुने होतात, तिथं परवडतं. तालुक्याच्या गावी दिवसाला तीन. त्यात काही मशीनमध्ये कंट्रोल लावला तर तोही तपासणी म्हणूनच मोजला जातो. मग हिशेब बघणारा म्हणतो, रोज तीन कुप्या कशाला, आठवड्यातून एकदा लावा. त्याला दोष देत नाही, त्याच्या वहीत तो खर्चच दिसतो. एनएबीएलची मान्यता असेल तर रोजचे कंट्रोल, बाहेरून आलेला अनोळखी नमुना तपासून पाठवणं, हे सगळं करावं लागतं. पण मान्यता ऐच्छिक आहे, आणि एबीजीचं मशीन बरेचदा लॅबमध्ये नसून आयसीयूच्या कोपऱ्यात असतं. लॅब म्हणते ते आयसीयूचं, आयसीयू म्हणते लॅबनं बघावं. माझ्या मते एबीजीचा सगळ्यात मोठा रोग हाच आहे.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याच जुन्या जिल्ह्यात, परासिया भागात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. खोकल्याचं औषध घेतलेली लहान मुलं, लघवी बंद, आणि मग नागपूरकडं धाव, आपल्याच सौंसरच्या रस्त्यानं. वीसहून जास्त मुलं गेली. तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेनं त्या सिरपमध्ये ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल सापडल्याचं सांगितलं. मान्य मर्यादा ०.१ टक्का. या विषात किडनी जाते आणि रक्त आम्ल होत जातं. नेमकं कारण कळायच्या आधीही एबीजीचा कागद 'आत काहीतरी विष आहे' असं ओरडू शकतो, जर तो कागद वेळेत निघाला आणि खरा असला तर. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाच्या भेसळीच्या ग्लिसरीननं चौदा माणसं गेली होती आणि त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला होता. म्हणजे ही ओळख नवी नव्हती. कारखान्यात एक साधी तपासणी व्हायची राहते, आणि तिची किंमत हजारेक किलोमीटरवरच्या आयसीयूत मोजली जाते.

आता छिंदवाड्याला २०१९ पासून मेडिकल कॉलेज आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. हळूहळू मशीनं आपल्याकडं येतील, येतही आहेत. नागपुरात शिकून गावाकडं परतलेली डॉक्टर पोरं मला फोन करतात, "काका, एबीजीचं मशीन कोणतं घेऊ?" मी कंपनीचं नाव सांगत नाही. मी विचारतो, सकाळी कंट्रोल कोण लावणार? तो सुट्टीवर गेला की कोण? आणि टिंबं कोण बघणार? दोघांनी यानंतर पुन्हा फोन केला नाही. एकानं केला. त्याच्याकडं एक मुलगी कामाला आहे, बारावी सायन्स, मग लॅबचा डिप्लोमा, घरची संत्र्याची बाग. तिला मी फोनवरच कुपी कशी हलवायची, टिंबं कशी मांडायची ते शिकवलं. दर महिन्याला ती तक्त्याचा फोटो पाठवते. मी चष्मा लावून बसतो आणि दहा टिंबांचा नियम बघतो. गेल्या भाद्रपदातल्या पानावर गोटमारीच्या दिवसाचा रकाना मी मुद्दाम शोधला. गावात त्या दिवशी दुकानं बंद, रस्ते बंद, दवाखान्यात डोकी फुटलेल्यांची रीघ. रकान्यात सकाळी सहा दहाची वेळ होती, तिन्ही पातळ्यांचे आकडे होते आणि खाली तिची सही.